करारात नसलेला तोटा

स्फाक्स, ३ डिसेंबर

लाडक्या मबरूकास,

तुझ्या भावाचा, तिजानीचा सलाम. आम्ही बरे आहोत, तुम्हीही सगळे सुखरूप असाल अशी अल्लाहजवळ मागणी करतो. इब्तिसामच्या लग्नाचं आमंत्रण पोचलं. जावई शाळेत शिकवतो हे वाचून बरं वाटलं. पोरीला माझा आशीर्वाद सांग.

इथे थंडी पडली आहे. बेकरीत भट्टीपाशीच उभा असतो, म्हणून मला ती जाणवत नाही. मासे स्वस्त आहेत, पण कुसकुसवर मासा घालायची इथली रीत मला अजून रुचत नाही. तुझी वहिनी सलिहा म्हणते, "एवढा समुद्र पाहिलात, तरी तोंड वाळवंटातल्या उंटासारखंच!"

लग्नाला यायला जमेलसं वाटत नाही. मालक रजा देत नाही.

असो, तुझ्याशी खोटं कशाला? रजा मी मागितलेलीच नाही.

गावात म्हणत असतील, तिजानी अजून पंपाचा राग धरून बसलाय. तसं नाही गं. पंप आणा म्हणणाऱ्यांत मीही होतो. तुझ्या नवऱ्याने, लखदरने, आयुष्यात व्याजाच्या पैशाला हात लावला नव्हता. मग ही बँक आली. तिचा अधिकारी, मुन्सिफ, तुमच्या पडवीत मांडी घालून बसला आणि म्हणाला, "व्याज नाही, काका. पंपात आणि सौरपट्ट्यांत बँक तुमची भागीदार. नफा झाला तर दोघांचा, बुडालं तर तेही दोघांचं." त्या करारावर साक्षीदार म्हणून माझीच सही आहे. अशी बँक आपल्या वडिलांच्या वेळी असती तर, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

आणि तो शब्दाला जागला. तुमची बाग खजुरांनी लगडली, खजूर निवडायच्या शेडमध्ये गावातल्या मुलींना काम मिळालं, शाळेला पाण्याची टाकी झाली. ते पाहून शेजाऱ्यांनीही पंप घेतले. उन्हाला पैसे पडत नाहीत, तेव्हा बंद कोण करतो? पाणी वाहतच राहिलं. जमिनीखालचं पाणी मात्र सगळ्यांचं एकच. आधी गावाला पाणी देणारा झरा बारीक झाला. मग पाटाच्या शेवटाला माझी बाग, तिथे माझी पाळी असूनही पाणी येईनासं झालं.

तुझ्या अंगणात मी ओरडलो, ते तू विसरली नसशील. "तोट्यात भागीदार ना तुम्ही? मग माझी वाळलेली झाडं मांडा की तोट्यात!" मुन्सिफ हळूच म्हणाला, "तिजानीकाका, तुम्ही करारात नाही."

बरोबरच बोलला तो. तू दारात उभी होतीस. तुझ्याकडे न बघता मी निघालो, तो थेट इथे.

आता म्हणे बँकेने सगळ्या पंपांना मीटर बसवायला लावले, पाळ्या बांधून दिल्या, आणि पहिला मीटर लखदरनेच लावून घेतला. चांगलं केलं. झरा काही परत आला नाही, असंही कानावर आलं.

इथेच थांबावं असं वाटतंय, पण सलिहाचं सांगायचं राहिलं.

गेल्या वर्षी मोतीबिंदूने तिचे दोन्ही डोळे जवळजवळ गेले. तेल किती तापलं, ते तिला वासावरून कळायचं. ऑपरेशनला पैसे नव्हते. मुन्सिफची बदली इथल्या शाखेत झाली आहे. पाव घ्यायला आला आणि त्याने मला ओळखलं. म्हणाला, "काका, जकातीचा निधी आहे ना बँकेत! आपल्या भागातले लोक भरतात, आपल्याच माणसांना मिळतो. लाज कसली त्यात?"

मबरूका, दर सुगीला जकात म्हणून गरिबांचा वाटा काढून देणारा माणूस मी. या वेळी घेणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो. आणि आपल्या गावातून त्या निधीत सगळ्यात जास्त भरणारं घर कोणतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी ते ठाऊक असूनच सही केली.

तुझ्याकडे मागितलं असतं, तर तू हातातल्या बांगड्या उतरवून दिल्या असत्यास. म्हणूनच मागितलं नाही. बँकेच्या खिडकीतून घेतलं, म्हणजे तुझे आभार मानायला नकोत! निधी चांगलाच आहे, कित्येकांची घरं त्यावर उभी राहिली असतील. पण बहिणीने हातात द्यायचं ते मी कारकुनाकडून घेतलं, हे मला सलतं.

सलिहाला आता स्वच्छ दिसतं. ती लग्नाला येते आहे. हे पत्र तिच्याच हाती देतोय. तिला वाचता येत नाही, आणि यातलं काही मी तिला सांगितलेलं नाही. ती तुझ्या गळ्यात पडेल, सांगेल, "कोण कुठला भला माणूस, त्याच्या पैशाने मला नवरी बघायला मिळाली. अल्लाह त्याची भरभराट करो." ऐकून घे. नाव सांगू नकोस. नुसतं आमीन म्हण.

तुझंच घेऊन तुझ्याशीच अबोला धरलेला,
तुझा भाऊ
तिजानी