मुके भुंगे

४ एप्रिल
यंदा फुलं खुडायची नाहीत. तिसरं वर्ष! पहिली दोन वर्षं रोपवाल्यानं खुडायला लावली — "आधी मुळं धरू द्या मालक, फळाचं मग बघू." मन घट्ट करून खुडली. आता स्वयंपाकघराच्या खिडकीखालची ब्लूबेरीची दोन्ही झुडपं पांढरी झालीत. फूल कसलं, उलटी टांगलेली घागर. करंगळीच्या नखाएवढी, तोंड खाली, तेही जेमतेम उघडलेलं.
कुंपणावरची रासबेरी न सांगता वाढते. कुंडीतल्या स्ट्रॉबेरी गोगलगाई खातात, उरलं तर आम्ही. त्यांचं काही नाही. जीव अडकलाय तो या दोघींत. माती आंबट लागते म्हणून गंधक घातलं. नळाचं पाणी मानवत नाही म्हणून पत्र्यावरचं पावसाचं पिंपात धरलं. ही म्हणाली, "माझे एवढे लाड कधी केले नाहीत ते!" मोठ्यांदा म्हणाली. शेजाऱ्यांच्याही कानावर गेलं असणार.

६ एप्रिल
रोपवाला येऊन गेला. आज नवीन कळलं. या फुलातले पराग मोकळे नसतात. मिठाच्या दाणीतल्यासारखे आत कोंडलेले. मधमाशीला ते काढणं फारसं जमत नाही, भुंगा लागतो. तो फुलाला मिठी मारून लोंबकळतो, पंख मिटतो आणि सगळं अंग थरथरवतो. दाणी हलते, पराग पडतात. पंख मिटून मोटार चालू! कुणी शिकवलं असेल त्याला?
"उडतानाचा आवाज वेगळा, हा वेगळा. बारीक, चढा. तुम्हाला मी काय सांगणार मालक, तुमचे कान आहेत."
आहेत खरे. फुटपाथवर हत्यारांची पेटी घेऊन मोटारी दुरुस्त करत बसायचो तेव्हा मीटर घ्यायची ऐपत नव्हती, कान फुकट होते. मोटारीला कान लावायचा आणि सांगायचं — बेअरिंग गेलं, वाइंडिंग गेलं, की नुसता पंखा घासतोय. त्याच्यावर वर्कशॉप उभं राहिलं. तिथे मला अजून 'कान' म्हणतात. माझ्या मागे म्हणतात, पण मला ऐकू येतं.

९ एप्रिल
झुडपासमोर खुर्ची टाकून दोन तास बसलो. भुंगे आले, सात-आठ. काळे, ढेरपोटे, घाईतले. उडतात तेव्हा घुमतात, ते ठीक. पण फुलाला लोंबकळले की सामसूम. चढा नाही, बारीक नाही, काहीच नाही. कचेरीत असतात काही जण तसे. हजेरी लावली, टेबलाला टेकले, गेले.

१० एप्रिल
आजही तेच. मुके भुंगे नेमके माझ्याच वाट्याला यावेत!
फुलं फार तर तीन आठवडे टिकतात. तेवढ्यात दाण्या हलल्या नाहीत तर तीन वर्षं पाण्यात.

१२ एप्रिल
बॅटरीचा टूथब्रश आणला. डोकं लढवलंय. डावं झुडूप मी ब्रशनं हलवणार. उजवं भुंग्यांच्या भरवशावर. आणि उजव्याच्याच एका फांदीला, जिच्या कळ्या अजून उमलल्या नव्हत्या, मलमलची पिशवी बांधली — तिथे भुंगा नाही की ब्रश नाही. तपासायचं तर नीट तपासावं. बिघाड कुठे आहे ते कळेल तरी.
ही पाहत होती. "झाडांचे दात घासणार?"

१३ एप्रिल
ब्रश फुलाच्या देठाला लावला आणि खाली तळहात धरला. पिवळी भुकटी पडली! अर्धा तास तेच करत बसलो. ब्रश मात्र उत्तम बनावटीचा. अजिबात आवाज नाही. अशी मोटार मला करता आली असती तर.
तेवढ्यात खिडकीतून ओरडा, "अहो, ती किरकिर बंद करा, डोकं उठलं माझं!"
कसली किरकिर? मी तोंड उघडलं नव्हतं.
हिचं काहीतरी बिनसलंय. वर्कशॉप मुलाकडे सोपवून मी घरी बसलो, तेव्हापासून वर्षभर हे असंच. साधं "चहा ठेवू?" विचारतानाही स्वर चढलेला. एकेकाळी ही इतकं हळू बोलायची की आमची आई म्हणायची, सुनेला जरा घसा द्या कुणी. आज सरळ विचारलं, माझ्यावर चिडली आहेस का? म्हणाली, "कुणी सांगितलं?" तेही ओरडूनच.

१७ एप्रिल
मुलानं वर्कशॉपवर बोलावलं. बेकरीची कणीक मळायची मोटार आली होती. कान लावून ऐकली. म्हटलं, बेअरिंग ठणठणीत आहे, पंखा घासतोय, तेवढा बघ. त्यानं एकदा मोटारीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं, बाबा."
इतक्या चटकन ऐकणाऱ्यातला नाही तो.

२१ एप्रिल
ती मोटार अडकली. बेअरिंगच! मी गेलो तेव्हा नवं बेअरिंग बाकावर तयार, कागदातून काढलेलंसुद्धा. "हे कधी आणलंस?"
"होतं असं बाबा, जाऊ द्या."
विचारलं एक, उत्तर दुसरंच. बेअरिंग तर आदल्या दिवशीच आणलेलं होतं, पावतीवर तारीख होती. याला आधी कसं कळलं?

२७ एप्रिल
फुलं गळली. पिशवी सोडली, फांदीला खूण म्हणून लाल दोरा बांधला.

१६ मे
हिरवे मणी! पण रोपवाला म्हणतो घाई नको, न हललेली फुलंही थोडी फुगतात आणि मग गळतात.
ही रोज सकाळी पायरीवर येऊन झुडपांकडे बघते. म्हणजे झुडपांवर राग नाही. माझ्यावरच.

२ जून
गोगलगाई आता रासबेरीवर चढायला लागल्या. काट्यांतून! मानलं बुवा.

१८ जून
निकाल लागला.
ब्रशचं झुडूप भरलंय. लाल दोऱ्याच्या फांदीवर एक फळ नाही, सगळं गळालं. आणि भुंग्यांचं झुडूप? तेही भरलंय. फांद्या वाकल्यात.
म्हणजे हलवल्याशिवाय फळ नाही, आणि उजवं झुडूप कुणीतरी हलवलं. वारा म्हणावा, तर तो पिशवीलाही लागत होता. भुंग्यांनीच केलं. रोज केलं. पण मी समोर बसलो होतो, हातभर अंतरावर. दोन-दोन तास.
कुठेतरी जोडणी चुकतेय माझी.

१९ जून
पिकलेल्या खुडत होतो, तोंड खिडकीकडे. मागच्या पायरीवर वाडगा घेऊन उभी असलेली ही काचेत दिसली. तिचे ओठ हलले. हसत होती. मला काही ऐकू आलं नाही. ती जराशी थांबली, छाती भरून श्वास घेतला, आणि मग तो नेहमीचा ओरडा — "अहो, एक मला द्या की!"
वर्षभर मी हिचं दुसऱ्यांदा म्हटलेलंच ऐकत आलोय.