तिसऱ्या नंबरची तयारी

२ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०
नाव नोंदवलं. रेस १४ मेला. पोहणं ३.८ किलोमीटर, सायकल १८०, धावणं ४२.२. सगळं एकाच दिवशी, सतरा तासांच्या आत.
दादाने पाच वर्षांपूर्वी हीच रेस १६ तास ३८ मिनिटांत केली. तेव्हापासून चार नातेवाईक जमले की त्याला ती गोष्ट सांगायला लावतात. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. अंगात दम आहे, पण डोकं वापरलं नाही. मी विद्यापीठाच्या निकाल विभागात बावीस वर्षं काढली आहेत. निकाल वाचावा तर मीच.
उद्यापासून रोज पाचला उठणार.

८ जानेवारी, रविवार
सात वर्षांचे निकाल डाउनलोड केले. वयोगट ४५ ते ४९. ‘अपूर्ण’ शेरा असलेली नावं गाळली, उगाच सरासरी बिघडवतात. गेल्या वर्षी तिसरा नंबर १२ तास ५१ मिनिटांवर गेला. म्हणजे मला १२.५० पुरे.
हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी गच्चीवरची टाकी बघा, वाहतेय. दोन मजले चढलो. धाप लागली. थंडीमुळे असणार.

१९ जानेवारी, गुरुवार
पाचला उठलो. गजर बंद करायला.

५ फेब्रुवारी, रविवार
दादाच्या गाडीतून सायकलचा रस्ता पाहून आलो. साठ किलोमीटरच्या तीन फेऱ्या. तेवीस वळणं, नऊ गतिरोधक, एक्केचाळिसाव्या किलोमीटरला दगडाच्या खाणीचा चढ. सगळं वहीत उतरवलं. दादा म्हणाला, सायकल टपावर आहेच, चढ एकदा मारून बघ. म्हटलं, आजचा दिवस निरीक्षणाचा.
दादाच्या मते पहिल्या फेरीत हा चढ जाणवतही नाही, तिसऱ्या फेरीत तो समोर उभा राहतो. अशास्त्रीय बोलणं. चढाची उंची तिन्ही फेऱ्यांत एकच आहे.

२० फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळ
महत्त्वाचा शोध. एकूण वेळात पोहण्याचा वाटा सरासरी फक्त अकरा टक्के! म्हणजे मेहनतही तेवढीच करायची. लोकांना हे कसं सुचत नाही?
अकरा टक्क्यांसाठी तलावावर गेलो. तिथल्या मास्तरांनी माझ्या दोन फेऱ्या पाहिल्या आणि विचारलं, कुठे शिकलात? म्हटलं, लहानपणी, मामाच्या विहिरीत. म्हणाले, दिसतंय.
बरं वाटलं.

१२ मार्च, रविवार
सायकल. ठरवले १२०, झाले ३४. पंक्चर. दुकानदाराने चाक पाण्यात फिरवून सांगितलं, पंक्चर नाही, हवा कमी आहे. तरी एवढ्या अंतरावर धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. टेम्पोने परतलो. दुपारभर झोपलो. शरीर मागतं ते द्यावं.

२८ मार्च, मंगळवार
ऑफिसात निकालांचा डोंगर. डोळे मिटतात. साहेबांनी विचारलं, किती धावणं झालं? त्यांना माझा आलेख दाखवला: तीन रंग, सात वर्षं, सगळ्यात खाली माझी ठळक रेघ, १२.५०. साहेब एवढे खूश झाले की आलेख नोटीस बोर्डावर लावला. आता टायपिस्ट बाईंपासून शिपायापर्यंत सगळे मला ‘बारा-पन्नास’ म्हणतात.
रात्रीचं जेवण गेलं नाही.

१६ एप्रिल, रविवार
दादाचा फोन. म्हणाला, एकदा रेसच्या तळ्यात उतरून बघ, मी काठावर थांबतो. म्हटलं, पाण्यावर तरंगणाऱ्या चौदाही खुणा पाठ आहेत, दुसऱ्या वळणावर ऊन डोळ्यांवर येतं हेही ठाऊक आहे. दादा म्हणाला, तळ्याच्या तळाला रेघ आखलेली नसते. म्हटलं, माझ्याकडे नकाशा आहे.
तो म्हणाला, धावताना तिसाव्या किलोमीटरला मी फूटपाथवर बसून रडलो होतो, हे कुणाला सांगितलं नाही.
मी त्याला समजावलं की थांबण्यात त्याची एकूण पन्नास मिनिटं वाया गेली, निकालात स्पष्ट दिसतं.
तो म्हणाला, हो रे, तेच असेल.

३० एप्रिल, रविवार
रेसच्या आधी सराव कमी करत न्यायचा असतो. हा भाग मी काटेकोर पाळतोय. लेक म्हणाली, बाबा, कमी करायला आधी काहीतरी असावं लागतं ना? तिला अभ्यासाला बसवलं.

१३ मे, शनिवार. दुपारी ४
तळ्याजवळचं लॉज. ही, लेक, दादा, सगळे आलेत. वेळापत्रक लॅमिनेट केलं आहे. दादा वाकून माझे ब्रेक तपासतोय. त्याचे गुडघे वाजतात. मी खिडकीतून तळं पाहिलं. नकाशात एवढं वाटलं नव्हतं.

१४ मे, रविवार. सकाळी १०.२०, तंबूत
वही ओली होतेय, अक्षर लागणार नाही.
पाणी गडद हिरवं. स्वतःचा हात दिसत नव्हता. कुणाची तरी टाच चष्म्यावर बसली. दोनपैकी पहिली फेरी १ तास १९ मिनिटं. हिशेब केला: मुदत २ तास २०, म्हणजे दुसरी फेरी १ तास १ मिनिटात. हा हिशेब चालू असताना मी भलतीकडेच चाललो होतो. होडीतली मुलगी ओरडत होती, काका, डावीकडे! काका, तुमचं डावं!
मग हात उचलेनात. पाठीवर पडून राहिलो. आभाळ होतं. मुलगी होडी जवळ आणून म्हणाली, चढा वर. म्हटलं, नको. का म्हटलं, माहीत नाही. कसाबसा पोहत राहिलो.
२ तास ३१ मिनिटांनी बाहेर आलो.
पंच बाईंनी घड्याळ दाखवलं. मला वाकता येईना, त्यांनीच गुडघ्यावर बसून माझ्या घोट्याचा वेळ मोजणारा पट्टा सोडला. सॉरी म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, सायकल हा माझा खरा भाग आहे, रस्ता तोंडपाठ आहे. त्या हो म्हणाल्या.
सायकलींच्या रांगेत एकच सायकल उरली होती. तिच्यापाशी दादा टॉवेल घेऊन उभा होता.

१५ मे, सोमवार
काल चार तास दादानेच गाडी चालवली. एकदाच विचारलं, पाणी गार होतं का? म्हटलं, फार. म्हणाला, मलाही गार लागलं होतं.
हिने बिस्किटं पुढे केली. लेकीने माझ्या मांडीवर स्वतःची शाल टाकली. हे सगळ्यात जड गेलं.

१६ मे, मंगळवार
ऑफिसात कुणी काही विचारेना. शेवटी मीच सांगितलं, पाण्यातच राहिलो. टायपिस्ट बाई घाबरल्या. त्यांना नीट समजावून सांगावं लागलं. म्हणजे सगळं पुन्हा एकदा सांगावं लागलं.

२२ मे, सोमवार. सकाळी ६
तलावावर गेलो. मास्तरांनी नव्या बॅचचा अर्ज पुढे केला. नाव, वय, पत्ता भरला. पुढे प्रश्न होता: पोहता येतं का? हो / नाही.
मागे रांग होती. पेन हातात धरून बराच वेळ उभा राहिलो.
‘नाही’वर खूण केली. मास्तरांनी अर्ज न वाचताच शिक्का मारला आणि उथळ बाजूकडे बोट दाखवलं.