सगळ्यांसमोर पडलेला फासा

बाबा,

परवा रविवारी तुम्ही पुन्हा गेलात, आणि याही वेळी मला काही करता आलं नाही. खेळात गेलात. खरोखर जाऊन तर इतकी वर्षं झाली की तुमची नात आता कॉलेजात जाते. तुम्ही तिला पाहिलं नाही. तिनं तुम्हाला फोटोत पाहिलं आणि माझ्या तोंडून ऐकलं, तेवढंच.

इकडे हिंदी मुलखात आल्यावरच्या, महानगर वस्तीतल्या आपल्या घरातला तो खेळ आठवतो ना? तुमच्या प्रयोगशाळेतल्या कोणीतरी परदेशातून ती पेटी आणली होती, आणि त्यांच्या घरी कोणी हात लावीना म्हणून ती आपल्याकडे आली. भुयारं, राक्षस, जादूगार, चित्रविचित्र बाजूंचे फासे. आम्हा पोरांपैकी प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं, भुयारात काय आहे ते तुम्ही सांगायचं. पट नाही, सोंगट्या नाहीत, सगळा खेळ बोलून. आई टेबलाच्या कडेला मटार सोलत बसलेली. मी म्हणते, 'मी आत जाते.' तुम्ही चष्म्यावरून बघता. 'काठी कुठं आहे? पायानंच जमीन पाहून राहिली काय?' आणि मी खड्ड्यात पडून मरते, पहिल्याच रविवारी. मी भोकाड पसरते. आई म्हणते, 'अहो, लेकरू आहे ते.' तुम्ही म्हणता, 'खड्ड्याला काय माहीत लेकरू आहे म्हणून?' फासा नेहमी सगळ्यांसमोर पडायचा आणि पडला तो पडला. निकाल आवडला नाही म्हणून प्रयोगाचा आकडा बदलत नाहीत, हे कामावरचं तत्त्व तुम्ही घरीही चालवलंत. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, असं आई तुमच्याबद्दल म्हणायची. मला तर तुमचा राग यायचा, चांगला दोन-दोन दिवस टिकायचा.

आता हा खेळ तसा राहिलेला नाही. आम्ही याच शहरात, जानकीपुरमला राहतो. तुमची नात, लष्करी छावणीत राहणारी तिची मैत्रीण आणि शेजारचा एक मुलगा रविवारी दुपारी आमच्याकडे जमतात आणि खेळ मी चालवते. सुरू करायच्या आधी बैठक होते: कोणाला कशाची भीती वाटते, कोणाला काय नको. प्रत्येक पात्राचं बालपण, दुःख, हरवलेला भाऊ, पानंच्या पानं लिहून आणतात. लढाई अशी बेतायची की घासून का होईना, जिंकता यावी. मी फासा पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकते आणि पोरांना फारच जड जायला लागलं की आकडा खुशाल बदलून सांगते. कोणाचं पात्र मरायचं असेल तर आधी त्याला विचारायचं. तुम्ही म्हणाला असता, मरणाला पण अपॉइंटमेंट घ्या म्हणावं! पण बाबा, मला हे आवडतं. कोणी रडत घरी जात नाही.

गेल्या वर्षी तुमची नात पात्र म्हणून एक म्हातारा जादूगार घेऊन आली. 'मम्मा, ये मेरे आजोबा हैं. मराठी में बोलेंगे.' मी थक्कच झाले. आमच्या घरी मी मराठीत विचारते आणि ती हिंदीत उत्तर देते, बोलायला लागल्यापासून हेच. लहानपणी मी हट्ट धरला नाही, आणि धरला तेव्हा उशीर झाला होता. आणि आता हीच पोर खुर्चीत पाठ वाकवून बसते, घसा खाकरते आणि ओरडते, 'काठी पहिले, पाय बाद में! किती वेळा बोललो मी?' मोडकंतोडकं, अर्धं हिंदी, आपल्या वर्ध्याच्या बोलीचा तर त्याला वाससुद्धा नाही. मी एकही चूक सुधारली नाही. आठवडाभर त्या रविवारची वाट बघायचे. एकदा खेळता खेळता त्या म्हाताऱ्यानं मलाच विचारलं, 'पोरी, तू जेवली का?' मला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं.

परवा तो म्हातारा पडला. भुयारात विषारी धूर होता, मैत्रिणीचं पात्र आत राहिलं, आणि तो तिला आणायला परत गेला. ती बाहेर आली, हा आला नाही. नियम असा, की पडलेल्यानं जगण्यासाठी फासा टाकायचा. तीनदा वाईट पडला की संपलं. दोनदा वाईट पडला. मी म्हटलं, 'इकडे दे, मी टाकते.' आडोशामागे माझा हात तयार होता. 'नहीं मम्मा. आजोबा सबके सामने डालते थे, आपने ही तो बताया था.' तिनं चहाच्या कपांच्या मधे वीस बाजूंचा फासा टाकला. चार पडला. दहाच्या खाली म्हणजे वाईट. मी म्हटलं, 'बेशुद्ध आहेत असं धरू. गावात वैद्य आहे. तू फक्त हो म्हण.' मैत्रीणही म्हणाली, 'हाँ यार, प्लीज.' तुमच्या नातीचे डोळे भरले होते. 'वो ऐसे नहीं करते,' ती म्हणाली. 'मर गए, मम्मा.'

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. खोटं बोलून वाचवावं तर तिनं मनात उभे केलेले आजोबा मोडतात, खरं धरावं तर ते जातात. धूर ओसरला, असं म्हणून मी पुढचं सांगायला लागले.

तिचं नवं पात्र एक चोर आहे, गल्लीत वाढलेला, तोंडाचा पट्टा सोडणारा, आणि सगळं हिंदीत. मी भीत भीत म्हटलं, याला थोडी मराठी येऊ दे की. 'ये क्यों बोलेगा मराठी?' खरंच, तो कशाला बोलेल? सकाळी मी विचारलं, भाजी कशी झालीये? 'सब्ज़ी में नमक कम है.' तिचं काही चुकलेलं नाही, तुमचंही नाही. भांडायचं तरी कोणाशी?

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुमचा खरा आवाज मला कधीचा आठवत नाही. तुमची वाक्यं आठवतात, ती तुम्ही कशी म्हणायचात ते पुसलं गेलंय. वर्षभर तुमचा म्हणून मी तिचाच तो आवाज ऐकत होते, आणि परवापासून तोही बंद आहे.