आईची झिनिया, एडिंबरात

आदरणीय बाबा,
प्रियदर्शिनीचा जयभीम. मी बरी आहे.

आईच्या बियांना फुलं आली. ती हैदराबादेत, हिमायतनगरच्या घरी गच्चीतल्या कुंड्यांत नुसतं बी भुरभुरवायची. गेल्या वर्षी मीही तसंच केलं, तर इथल्या गार मातीत सगळं कुजलं. यंदा रोपं घरात खिडकीशी वाढवली आणि थंडी सरल्यावर, जूनमध्ये, उन्हाच्या भिंतीलगत लावली. पाणी बुंध्याशीच घालते, पानांवर नाही.

तुमच्याकडच्या कुंड्या कशा आहेत? गुडघा दुखत असेल तर जिने चढू नका. जेवण वेळेवर करता ना?

काल शेजारच्या मॅरियनबाईंना फुलं दाखवून, ही माझ्या गेलेल्या आईच्या बियांची, असं म्हटलं, तर त्यांनी विचारलं, "आई कधी गेली गं?" आपल्या हैदराबादेत दहा वर्षांपूर्वीचंही 'परसों'च असतं. त्या सवयीने मी इंग्रजीत 'परवा' म्हणून बसले.

"परवा? आणि तू एकटी आहेस?" त्या संध्याकाळी सूप घेऊन आल्या, माझा हात धरून बसून राहिल्या.

आई जाऊन दीड वर्ष झालं, हे मी त्यांना सांगितलं नाही. बाबा, मला तेव्हा घरी पोचता आलं नाही. माझ्याकडे दुखवट्याला कुणी आलं ते कालच.

तुमची,
प्रियदर्शिनी