पक्षी पाळता का?

प्रिय बार्बा,

हे पत्र मी टेबलाशी बसून लिहितेय, उशीला टेकून नाही, हे आधी लक्षात घे. तुझे बाबा खालच्या खोपटात मेंढीचं मांस वाळत घालतायत आणि वाऱ्याला शिव्या देतायत.

इस्पितळातलं सगळं तुला फोनवर तुटक-तुटकच कळलं. न्यूमोनिया म्हणून पेनिसिलिन चालू होतं, पण ताप हटेना; नाकात नळी असूनही श्वास पुरेना. तरुण डॅनिश डॉक्टरने विचारलं, "घरी पोपट, कबुतरं पाळता का?" मी धापा टाकत म्हटलं, "आमच्या या बेटावरच्या वाऱ्यात पोपट दोरीने बांधावा लागेल, डॉक्टर!" तो हसला आणि 'नाही' लिहून गेला. बाबांनीही मान हलवली. ऑगस्टअखेर समुद्रावरून जाळ्याने आणलेली फुलमार या समुद्रपक्ष्याची लठ्ठ पिल्लं आम्ही पाळली थोडीच होती? ते तर आपलं जेवण.

मग कोपनहेगनहून तुझा फोन आला. मला बोलवेना, म्हणून तू बाबांना विचारलंस, "यंदा पिल्लांची पिसं कुणी उपटली?"

"कोण उपटणार? तुझी आई आणि शेजारची बिल्ला. वारा होता, म्हणून खोपटाचं दार लावून."

 त्यावर तू एवढी ओरडलीस की मलाही ऐकू आलं, "फोन डॉक्टरांना द्या, बाबा! आत्ता!"

पिसांच्या धुळीतून छातीत शिरणारा पक्ष्यांचा एक जंतू पेनिसिलिनला दाद देत नाही म्हणे. माझ्या कफाची वेगळी तपासणी लावली आणि निकालाची वाट न बघता डॉक्सीसायक्लिन सुरू केलं. ताप उतरू लागला, मागून निकाल आला. तुझंच खरं निघालं. बिल्लाची 'साधी सर्दी'ही त्याच जंतूची होती. तिलाही वेळेत गोळ्या मिळाल्या. "पोर कोपनहेगनला गेली, आता परतायची नाही," म्हणणारी बिल्ला हल्ली दुकानात सांगत असते, "आमच्या बार्बाने ओळखलं!" मी विचारलं, "आमची कधीपासून गं?"

आता मुद्द्याचं. मला सांभाळायला तू छातीच्या आजारांचं शिक्षण सोडून घरी येणार आहेस, हे बाबांच्या पोटात राहिलं नाही. येऊ नकोस. बाबा स्वयंपाक वाईट करतात, पण करतात. फोन ठेवल्यावर त्या डॉक्टरने विचारलं होतं, "या कोण मोठ्या डॉक्टर?" बाबा ताठ मानेने म्हणाले, "आमची मुलगी. शिकतेय अजून." त्या इस्पितळात आम्ही एकदा नकळत खोटं बोललो, बार्बा. 'शिकतेय अजून' हे तरी खोटं ठरू देऊ नकोस.

छाती भरून श्वास घेणारी,
तुझीच आई