आडनाव काय म्हणालात?

८ एप्रिल २०२५, मंगळवार. दुपारी ४ वाजून १० मिनिटं. कोलोन, जर्मनी.

अन्याय घडला. वेळ मुद्दाम लिहिली आहे. वेळ न लिहिलेला अन्याय म्हणजे नुसती कुरकुर.

जावई, शिरीषराव, स्वयंपाकघरात उभे राहून फोनवर बोलत होते. तीन खोल्यांची जागा, नातीच्या शाळेपासून चालत सहा मिनिटं. आत्ताच्या घराच्या मालकाला स्वतःच्या मुलासाठी घर हवंय, म्हणून तीस जूनच्या आत ह्यांना बाहेर पडायचंय. सतरा अर्ज, सतरा नकार. ही अठरावी जागा. पलीकडचे घरमालक हेर (म्हणजे श्रीयुत) ब्र्युगेमान दोन मिनिटं साखरेत घोळून बोलत होते. मग नाव विचारलं. शिरीषरावांनी इथल्या पद्धतीने एकेक अक्षर सांगितलं, विल्हेल्ममधला वे, आन्टोनमधला आ. 'वाघमारे' पुरं व्हायच्या आत उत्तर आलं: शोन फेरगेबन. म्हणजे जागा गेली. जाहिरात येऊन अर्धा तासही झाला नव्हता.

शिरीषराव 'डांके', म्हणजे आभार, म्हणाले, फोन ठेवला आणि कांदा चिरायला घेतला. ह्या माणसाला राग येत नाही. मला दोघांपुरता येतो.

संकल्प: प्रकरण मी हातात घेणार. बँकेच्या कर्ज विभागात एकतीस वर्षं काढली आहेत. माणसाचं तोंड बघून कधी निर्णय दिला नाही, कागद बघून दिला. कागदावर सगळं असतंच. पत्ता, वस्ती, आडनाव.

त्याच दिवशी, ४.४५

हेर ब्र्युगेमानना मीच फोन केला. इंग्रजीत. नाव सांगितलं मिसेस मिलर. मालिनीचं मिलर, खोटं म्हणायला फारसं अंतर नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनेडिक्टांनी सात वर्षं माझे उच्चार घासले ते आज कामी आले. त्यांनी विचारलं, लंडनच्या का? मी म्हटलं, ओरिजिनली, नो. तेही खोटं नाही. शनिवारी अकराला जागा बघायला बोलावलं आहे.

म्हणजे पस्तीस मिनिटांत गेलेली जागा परत आली. पुरावा हातात. देवश्री (मुलगी) ऑफिसातून आल्यावर सांगितलं. ती म्हणाली, आई, तू हे काय करून ठेवलंस. ईप्सिता मात्र टाळ्या वाजवत होती. सात वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये.

१२ एप्रिल, शनिवार

नारायणपेठ नेसून गेले, वर कोट. हेर ब्र्युगेमान यांनी दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून जिन्यात बघत राहिले. मिसेस मिलर मागून येताहेत अशी समजूत. मी म्हटलं, समोर आहे ती मीच. त्यांचा चेहरा फ्रिजमधल्या पिठल्यासारखा झाला. मग म्हणाले, दहा मिनिटांपूर्वीच फेरगेबन.

मी घड्याळ काढून त्यांच्यासमोर वेळ लिहून घेतली. ११.०२. जिना उतरताना कठडा धरला. ते वयामुळे.

१५ एप्रिल, मंगळवार

घराच्या बाबतीत भेदभाव झालेल्यांसाठी इथे सल्ला केंद्र आहे. मी, देवश्री आणि शिरीषराव गेलो. (देवश्रीने अर्धी रजा घेतली, त्याबद्दल वाटभर ऐकवलं.) कायद्याचं नाव इतकं लांब की उच्चारेपर्यंत माणूस जागा भाड्याने घेऊन सोडूनही जाईल. सगळे आ-गे-गे म्हणतात. वंश, मूळ, धर्म बघून घर नाकारता येत नाही. पण दावा दोन महिन्यांत सांगावा लागतो. आमची मुदत ८ जून.

सल्लागार फ्राउ यिल्दिझ. देवश्रीहून लहान, पण स्पष्ट. म्हणाली, दिवस, वेळ, नेमके शब्द, साक्षीदार लिहून ठेवा. मी ही वही दाखवली. तिने 'एक्सेलेंट' म्हटलं. देवश्रीने छताकडे पाहिलं.

मग तिने शिरीषरावांना विचारलं, असं आधी कधी झालंय का? वाटलं सतरा नकार सांगतील. ते म्हणाले, या, म्हणजे हो, हेर ब्र्युगेमानच्या आधी एकदा नक्की. कुठे? पुण्यात.

पुण्यात! मी खुर्चीवरून उठलेच. बाईने फोनवर आडनाव विचारलं आणि जागा गेली म्हणून सांगितलं. ती जागा पुढे चार महिने रिकामी होती, हे त्यांना नंतर कळलं.

१६ एप्रिल

सकाळी चहाबरोबर शिरीषरावांना त्या बाईचं नाव विचारलं. म्हणाले, जाऊ दे आई, जुनं आहे, बारा-तेरा वर्षं झाली. मी म्हटलं, नाव नाही तर पत्ता द्या. ते म्हणाले, पत्ताही विसरलो. देवश्री भांडी आपटत होती. नवऱ्याची बाजू घ्यायची सोडून भांडी आपटते.

पत्राचा मसुदा करून ठेवला, पत्ता मिळाला की पाठवायला:

'बाई, तुम्हालाही मुलंबाळं असतील. उद्या ती परक्या देशात दारोदार फिरतील आणि कोणी त्यांचं नाव ऐकून दार लावून घेईल. तेव्हा तुम्हाला कळेल. तुमच्यासारख्या सुशिक्षित बायकांची मला लाज वाटते.'

शेवटचं वाक्य चांगलं जमलं आहे.

२७ एप्रिल, रविवार

श्यामकांतचा फोन. माझी पुण्यातली एरंडवण्याची जागा तो बघतो. भाडेकरू गेल्याला महिना झाला. त्याला निकष पुन्हा सांगितले: सुशिक्षित, शाकाहारी, आपल्यातले. तो म्हणाला, मॅडम, पाठ आहेत. हा भेदभाव नव्हे. इमारतीत सगळे एका वळणाचे असले की शेजार सुखाचा होतो. शिवाय जागा माझी आहे. ब्र्युगेमानची गोष्ट निराळी.

(ब्र्युगेमानचीही जागा त्याचीच आहे. हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने तपासणे.)

ह्यांचे अर्ज: बावीस. नकार: बावीस.

४ मे, रविवार

थालीपिठाच्या पिठात हात होते, म्हणून श्यामकांतचा फोन स्पीकरवर घेतला. मुलगी आहे म्हणाला, ज्ञानदा नावाची, सॉफ्टवेअरमध्ये, शांत, एकटी, अगदी स्वच्छ. मी म्हटलं, नाव गोड आहे. आडनाव काय म्हणालात? तो थांबला. मग सांगितलं. मी म्हटलं, बरं, तिला सांगा जागा गेली.

रोजच्यासारखं बोलले. आवाजही चढवला नव्हता.

शिरीषराव शेजारी उभे राहून ताटल्या पुसत होते. हातातली ताटली त्यांनी फार सावकाश खाली ठेवली. मग बाटल्यांची पिशवी उचलली आणि टाकायला निघून गेले. रविवारी इथे काचेच्या बाटल्या टाकायला बंदी असते. हा माणूस नियम कधी मोडत नाही.

देवश्री म्हणाली, आता तरी कळलं का नाव?

मी म्हटलं, कोणाचं?

ती म्हणाली, तू ज्या बाईला पत्र लिहून ठेवलंयस ना, तिचं. तो तेव्हा नुसता माझ्या वर्गातला मुलगा होता. राहायला जागा नव्हती. तुझा नंबर मीच दिला होता. मी त्याला म्हटलं होतं, माझी आई तशी नाही.

थालीपीठ करपलं.

५ मे

शांतपणे विचार केला. खुलासा असा.

एक, त्या वर्षी जागेला रंग द्यायचा होता. देवश्री म्हणते, रंग आदल्या वर्षी दिला. असेल.

दुसरं, मी तशी असते तर लग्नाला उभी राहिले असते का? पहिल्या रांगेत उभी होते. पत्रिकेत नुसती पहिली नावं छापली ती तेव्हाची फॅशन होती. देवश्री म्हणाली, फॅशन तूच काढलीस, आई, त्या मोसमात दुसऱ्या कोणाच्याही पत्रिकेत नव्हती.

तिसरं सापडेना.

खरं सांगायचं तर मला तो फोन आठवतच नाही. चौथीत सिस्टर बेनेडिक्टांनी वर्गात मला काय म्हटलं ते वारासकट आठवतं. एक्क्याण्णव साली मॅनेजरने माझं प्रमोशन अडवलं त्या दिवशी त्याने कोणता टाय घातला होता तोही आठवतो. हा फोन नाही. कितीतरी असे फोन घेतले असतील. त्यातला एक त्यांचा होता.

पत्राचा मसुदा फाडायला घेतला. मग नको म्हटलं.

शिरीषराव माझ्याशी नेहमीसारखेच वागतात. सकाळी विचारलं, आई, गोळी घेतलीत का? त्यापेक्षा ओरडले असते तर उत्तर देता आलं असतं.

१२ मे, सोमवार

ईप्सिताने चित्र काढलं. नवीन घर, दोन झाडं, दारावर बेल, बेलखाली नाव: MILLER. विचारलं तर जर्मनमध्ये म्हणाली, असं लिहिलं की घर लवकर मिळतं, आजीला लगेच बोलावलं होतं ना.

मी तिला मांडीवर घेऊन सांगितलं की वाघमारे हे फार शूर नाव आहे. वाघाला मारणाऱ्यांचं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, मग तू का नाही सांगितलंस?

मी दूध बघायला उठले. दूध उतू जात नव्हतं.

२४ मे, शनिवार

जागा मिळाली. बेर्गहाइमला, गावाबाहेर. दोनच खोल्या. देवश्रीला ऑफिसला जायला येऊन-जाऊन अडीच तास, ईप्सिताची शाळा बदलणार, मैत्रिणी सुटणार. घरमालकीण ऐंशीची आहे. तिने एवढंच विचारलं की घरात कोणी पियानो वाजवतं का. आडनाव विचारलं ते बेलवर लिहायला, तेही दोनदा, स्पेलिंग चुकू नये म्हणून.

मी शिरीषरावांना म्हटलं, ह्या आनंदात आ-गे-गेच्या कागदावर सही करून टाका. मुदत जवळ आली. फ्राउ यिल्दिझ म्हणाली आहे की पुरावा पक्का आहे, सही मात्र तुमचीच लागेल. ते म्हणाले, आई, पुरावा तुम्हाला लागतो. मला कधी लागला नव्हता. मला घर हवं होतं.

 देवश्रीने ह्या खेपेला भांडी आपटली नाहीत.

२६ मे

श्यामकांतला स्वतःहून फोन केला. म्हटलं, त्या ज्ञानदाला जागा द्या. निकष बदलले आहेत. तो म्हणाला, मॅडम, तिला कधीच दुसरीकडे मिळाली. ती विचारत होती, जागा गेली तर जाहिरात का चालू आहे. मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत? तो म्हणाला, नेहमीचं.

१ जून, रविवार

आज मनाची तयारी केली. सिस्टर म्हणत, चूक कबूल करताना पाठ ताठ ठेवावी. शिरीषराव खोक्यांना टेप लावत होते. मी पाठ ताठ ठेवली आणि म्हटलं, शिरीषराव, त्या वेळी रंगाचं काम... पुढचं वाक्य येईना. त्यांनी वर पाहिलं. म्हणाले, शोन फेरगेबन, आई. आणि खोकं उचलून खाली गेले.

संताप आला. ब्र्युगेमानचे शब्द माझ्या तोंडावर! जागा गेली म्हणे. माझी जागा? ह्या घरातली? खोलीत येऊन बसले. ईप्सिता आली, आजी रडतेस का म्हणून. तिला विचारलं, फेरगेबनचा अर्थ काय गं? ती म्हणाली, कोणी सॉरी म्हटलं ना, की मग आपण फेरगेबन करतो. शाळेत रोज करावं लागतं.

देऊन टाकलेलं आणि माफ केलेलं, दोन्ही अर्थ आहेत; शोन म्हणजे आधीच. डिक्शनरीत बघून खात्री केली.

पण मी सॉरी म्हटलंच नव्हतं. रंगावरच अडकले होते. एकतीस वर्षांत अर्जाशिवाय मंजुरी दिलेली मी पाहिली नाही. अशी मंजुरी घ्यायची कशी?

६ जून, शुक्रवार. सकाळी ९.२०

परवा रात्रीचं विमान. बॅग भरली. काल शिरीषरावांना विचारलं, त्या फोनमध्ये मी नेमकं काय बोलले होते? ते म्हणाले, विसरलो, आई. हे उत्तर मान्य नाही. असलं माणूस विसरत नाही. विसरते ती फोन घेणारी.

हे पान वहीतून फाडून त्यांच्या लॅपटॉपखाली ठेवणार आहे.

प्रिय शिरीष,

माफी मागण्यासाठी मला तपशील लागतात. आठवत नसलेल्या गोष्टीखाली मी सही करू शकत नाही, आणि सही केल्याशिवाय मला विमानात बसवत नाही. तरी पुढील माहिती लेखी द्यावी: तारीख. वेळ. तू फोन कुठून केलास, सोबत सामान होतं का. मी वापरलेले शब्द, जसेच्या तसे, एकही सौम्य न करता. फोन ठेवल्यावर तू कुठे गेलास आणि त्या दिवशी कुठे झोपलास.

तोंडी उत्तर चालणार नाही, तू तोंडी फार चांगला वागतोस.

लेखी उत्तर रविवार, ८ जून, दुपारी बारा वाजण्याच्या आत माझ्या हातात मिळावं.

मालिनी परांजपे