फेसाचा बंदोबस्त

३ नोव्हेंबर, सोमवार
दादा काल जहाजावर गेला. जाताना खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या ताब्यात दिली. माधवी वहिनी शेजारीच उभी होती. तिच्या ताब्यात दिली नाही. नोंद असावी.
टाकीत क्लाउनफिशची जोडी. दादा त्यांना बाळ्या आणि बाळी म्हणतो. मी म्हणत नाही. तो परत येईपर्यंत दोन्ही जिवंत ठेवायचे, एवढंच काम. मी डाइंग कारखान्याच्या सांडपाणी प्लांटवर केमिस्ट आहे. रोज काळंनिळं पाणी नितळ करून सोडते. दोन माशांचं पाणी म्हणजे सुट्टी.
गाडीत बसताना दादा स्किमरबद्दल काहीतरी सांगत होता. म्हटलं, कळतं मला.

४ नोव्हेंबर, मंगळवार
सम्प उघडला. सम्प म्हणजे मुख्य टाकीखालच्या कपाटातली दुसरी टाकी. वरचं पाणी खाली येतं, गाळून परत वर जातं. तळाशी बोटभर गाळ. दादाने हे असं कसं चालू दिलं?
वहिनी म्हणाली, सगळं एकदम घासू नको, ते थोडं थोडं करतात. गोडाऊनच्या ऑफिसात बिलं बनवणाऱ्या बाईचं जैविक प्रक्रियेवर मत. ऐकून घेतलं. शुक्रवारी कारखाना बंद. शुक्रवारी संपूर्ण सफाई.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
झाली. गाळ ढवळून काढला, काचा घासल्या, स्पंज नळाखाली खळखळून धुतले. सम्प शोरूममध्ये ठेवण्यासारखा. पाणी किंचित गढूळ. अपेक्षितच.
संध्याकाळी स्किमर बिघडला. हा सम्पमधला उभा पाइप. आत बारीक बुडबुडे, डोक्यावर कप. त्या कपातून तपकिरी फेस उतू जाऊन कपाटातून हॉलमध्ये आला. वास सुक्या बोंबलाचा. वहिनी म्हणाली, "वन्सं, कंपनीचा नाला घरी आणलात का?"
यापुढे तिला कशाचंच उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
अजून फेस. वहिनी मला न विचारता कप रिकामा करते. हस्तक्षेप. तिला तसं सांगितलं. (कालचा निर्णय उद्यापासून.)
आमच्या प्लांटवर फेस म्हणजे गुन्हा. तपासणीवाले आधी एरेशन टाकीकडे, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतो त्या टाकीकडे बघतात, फेस दिसला की शेरा मारतात. म्हणून त्यांची गाडी गेटवर आली की आम्ही अँटिफोम, म्हणजे फेस मारणारं रसायन सोडतो. साहेब चहा पिऊन वर येईपर्यंत पाणी सपाट. इतकी वर्षं एकही शेरा नाही.
छोट्या बाटलीत घरी आणलं. सॅम्पल म्हणून.
संध्याकाळी थोडं सोडलं. फेस बसला. कप कोरडा. वहिनी कपाटापाशी वाकून बघत राहिली. तिच्याकडे बोलायला शब्द नव्हते. फक्त, "काय टाकलंस? हे असं नसतं ग. त्यांना विचार. मनाली, ऐकतेयस ना?" एवढंच म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
फेस शून्य. मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडमिट करतायत. भूक लागली असणार. खाणं टाकलं. खाल्लं नाही. दादाने लाडावून ठेवलेत.

दुपार
कारण सापडलं. अगरबत्ती. बुद्धमूर्ती टाकीशेजारच्या फळीवर आहे आणि स्किमर खोलीतली हवा ओढतो. वहिनीला शांतपणे सांगितलं, वंदना स्वयंपाकघरात करावी. ती म्हणाली, "दोन वर्षं लावतेय अगरबत्ती, तेव्हा न्हाय गुदमरले? तू आपले हात बघ आधी."
असभ्य. खबरदारी म्हणून अँटिफोमचा दुसरा डोस दिला.

१० नोव्हेंबर, सोमवार, सकाळ
दादाचा व्हिडिओ कॉल. कप भरतोय ना, विचारलं. एक थेंब फेस नाही, म्हटलं. दादाचा चेहरा स्क्रीनवर तसाच थिजला. समुद्रात नेटवर्क कमी. मग म्हणाला, काय टाकलंस? पूर्ण रासायनिक नाव सांगितलं. म्हणाला, "मने, अगं घाण त्या फेसालाच चिकटून वर येते. त्यासाठीच ते मशीन आहे. फेस मारलास म्हणजे घाण पाण्यातच, आणि हवाही मिळत नाही त्यांना. माधवीला दे फोन."
फेसाबद्दल दोन विचारप्रवाह असू शकतात. फोन दिला. ड्युटीला गेले.

संध्याकाळ
वहिनीने रजा टाकलेली. इमादच्या मासे-दुकानातून तयार खारं पाणी कॅनने आणलं, रिक्षाने. मासे बादलीत, बाजूला हवेचा पंप. बाळ्या पोहत होता. बाळी आडवी. कल्ला मधूनच हलायचा. वहिनी जमिनीवर बसून बघत होती. जेवली नव्हती. मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर उत्तर तयार होतं.
मीही जेवले नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये जास्त झालं होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
बाळी सरळ झाली. खाल्लं. माझ्या सफाईमुळे तिची मूळ तब्येत उत्तम होती, म्हणूनच निभावलं. वहिनीला हे सांगायला गेले. तिने पंप जोरात केला, त्या आवाजात माझं बोलणं बुडालं.

१६ नोव्हेंबर, रविवार
मासे परत टाकीत. स्किमर धुऊन लावला, पुन्हा तपकिरी फेस, पुन्हा तोच वास. वहिनी कप बघून खूश. अशी माणसं असतात.
दादाने फॅमिली ग्रुपवर लिहिलं, टाकीला मनालीने हात लावायचा नाही. दिघाशीहून आईने अंगठा पाठवला. आईला स्किमर म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?
हरकत नाही. यापुढे फक्त तांत्रिक देखरेख. वहिनी सम्पचं पाणी बदलत होती, खुर्ची घेऊन बसले. दोन सूचना दिल्या. तिसरी देणार, तेवढ्यात ती मान वर न करता म्हणाली, "तोंड मिट आणि बादली धर."
धरली.